चालू कारखाना विकत घेताना: वाचकांची प्रश्नोत्तरे

लघुउद्योग विकत घेणाऱ्यांच्या पत्रांत एकच गोंधळ वारंवार दिसतो. नफा पाहून किंमत ठरते, रोकड कुणी पाहत नाही.

प्रश्न : वार्षिक नफ्याच्या पाचपट हाच बाजारभाव, असं दलाल म्हणतो. खरं का?

नाही. आधी त्या नफ्यातून मालकाचा पगार आणि जागेचं भाडं वजा झालंय का, ते सीएकडून पाहून घ्या.

प्रश्न : कंपनीचे शेअर न घेता फक्त धंदा घेतला, तर जुनी देणी गळ्यात पडत नाहीत ना?

काही नक्की पडतात. ही ऐकीव समजूत फार महागात जाते. जीएसटी कायद्याच्या कलम ८५ नुसार हस्तांतरणापूर्वीच्या थकबाकीला विकणारा आणि घेणारा दोघेही जबाबदार असतात. भविष्यनिर्वाह निधीची थकबाकीही घेणाऱ्यामागे येते. प्लॉट एमआयडीसीचा असेल तर महामंडळाची परवानगी आणि हस्तांतरण शुल्क यांचा हिशेब सहीपूर्वी वकिलाकडून करून घ्या.

प्रश्न : ताळेबंद उत्तम होता. तरी ताबा घेतल्यावर पहिल्याच महिन्यात पगाराला पैसे नाहीत. असं कसं?

खेळतं भांडवल, म्हणजे रोजचा धंदा चालवणारा पैसा, आधीच काढून घेतलेलं असतं. सौदा ठरल्यापासून ताबा मिळेपर्यंतच्या दोन-तीन महिन्यांत विकणारा सूट देऊन येणी लवकर वसूल करतो, पुरवठादारांची बिलं थकवतो, कच्चा माल भरत नाही, मशीनची देखभाल पुढे ढकलतो. बँकेतली शिल्लक फुगते आणि ती तो घेऊन जातो. नफा-तोटा पत्रकात यातलं बहुतेक काही दिसत नाही, म्हणून ते पाहून समाधान मानणाऱ्यांची मला काळजी वाटते.

मागच्या १२ महिन्यांचा महिनावार हिशेब मागा : येणी अधिक साठा, वजा पुरवठादारांची देणी. १८० दिवसांवरची येणी आणि पडून राहिलेला माल त्यात धरू नका. धंदा हंगामी असेल तर त्या-त्या महिन्याचा आकडा पाहा. समजा सरासरी १ कोटी ८० लाख आली, तर तोच आकडा करारात आधार म्हणून लिहा. ताब्याच्या दिवशी १ कोटी २० लाखच भरले, तर किंमत ६० लाखांनी उतरली पाहिजे. साठा त्याच दिवशी दोन्ही बाजूंच्या माणसांनी गोदामात उभं राहून मोजावा, पेट्या उघडून, गंज पाहून, काट्यावर वजन करून. नुसत्या बिनकार्डावर (गोदामातल्या मालाच्या नोंदीच्या कार्डावर) सही करू नका. शिवाय किमतीचा १० ते १५ टक्के भाग वर्षभर एस्क्रो खात्यात ठेवा, म्हणजे तिसऱ्या, तटस्थ पक्षाच्या ताब्यातल्या खात्यात; अटी पूर्ण झाल्यावरच ते पैसे विकणाऱ्याला मिळतात. या कलमांचा मसुदा वकिलाकडूनच घ्या, इंटरनेटवरचा नमुना नको.

प्रश्न : मोठ्या कंपन्याही तपासणी करून फसतात. मग तपासणी कशाला?

जपानच्या दाइची सांक्योने २००८ मध्ये रॅनबॅक्सी ही भारतीय औषध कंपनी घेतली. त्याच वर्षी अमेरिकेने पाओंटा साहिब आणि देवास इथल्या कारखान्यांतल्या औषधांची आयात रोखली. अमेरिकेतल्या सरकारी चौकशीची माहिती विकणाऱ्यांनी दडवली, असा निवाडा सिंगापूरच्या लवादाने २०१६ मध्ये दिला. म्हणून विकणाऱ्याच्या फायलीवर विसंबू नका. सरकारी नोटिसा स्वतंत्रपणे तपासा आणि लेखी हमीसोबत भरपाईचं कलम घ्या.

प्रश्न : जुन्या मालकाला किती दिवस ठेवावं?

सहा महिने ते वर्षभर, लेखी करारावर. पण फोरमन आणि मोठ्या गिऱ्हाइकांशी बोलणारा माणूस यांना ताब्याच्या दिवशीच स्वतः भेटा. बातमी बाहेरून कळली की ते नोकरी शोधू लागतात आणि गिऱ्हाईकही त्यांच्याबरोबर जातं.

प्रश्न : दुसरा घेणारा तयार आहे, आजच टोकन द्या म्हणतात.

देऊ नका. तपासणीला सहा आठवडे आणि तोवर इतर कुणाशी बोलणी न करण्याचं लेखी आश्वासन मागा. नकार मिळाला, तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका.