नव्या प्रोग्रॅमिंग भाषेच्या कम्युनिटीसाठी चॅट, फोरम आणि डॉक्युमेंटेशनची साधनं कशी निवडावीत?

तुमचा प्रश्न मला समजला तो असा: पाच मित्रांनी मिळून एक छोटी भाषा लिहिली, कोड गिटहबवर आहे, वापरणारे शंभरेक झालेत आणि सगळी चर्चा व्हॉट्सॲप ग्रुपवर चालते. आता डिस्कॉर्ड किंवा झुलिप हे चॅट घ्यावं की डिस्कोर्स हा फोरम, डॉक्स विकीवर ठेवावेत की वेगळी साइट करावी, आणि ते मराठीतही असावेत का?

आधी एक कसोटी सांगतो, बाकीचं उत्तर तिच्यावरच उभं आहे. तीन महिन्यांपूर्वी एकाने विचारलेला प्रश्न आज दुसऱ्याने विचारला, तर तुम्ही जुन्या उत्तराची लिंक देता की पुन्हा टाइप करायला बसता? पुन्हा टाइप करत असाल तर साधन चुकलंय, मग ते कितीही झकपक असो.

मला हे ठेच लागून कळलं. काही वर्षांपूर्वी आम्ही सात-आठ जण एक पायथन लायब्ररी सांभाळायचो, आणि बोलणं सगळं फोनवरच्या ग्रुपमध्ये. एकाची तक्रार आली की विंडोजवर मराठी मजकुराच्या काही फाइली उघडतात आणि काही उघडताना प्रोग्रॅम कोसळतो. आमच्यातल्या एकीने रात्री साडेअकराला बसून पंधरा-वीस मेसेजमध्ये त्याचा उलगडा केला. पायथनच्या ओपन या फाइल उघडणाऱ्या फंक्शनला एन्कोडिंग (अक्षरं कोणत्या बाइटांत साठवली आहेत ते) सांगितलं नाही तर ते विंडोजचं स्वतःचं कोडपेज, म्हणजे बाइट आणि अक्षरांचा तक्ता, धरून चालायचं, इंग्रजी विंडोजवर बहुधा 1252. आपला हलन्त यूटीएफ-8 मध्ये तीन बाइटांचा, त्यातला शेवटचा 8डी, आणि 1252 मध्ये नेमकी 8डी ची जागा रिकामी. म्हणजे फाइलमध्ये नुसतं ‘कमल’ असेल तर पडद्यावर कचरा दिसतो, पण ‘पद्मा’ असेल तर त्यातल्या जोडाक्षरातल्या हलन्तामुळे थेट एरर. इतकं नेमकं उत्तर मी तोवर कुठे वाचलं नव्हतं.

चार महिन्यांनी तीच तक्रार पुन्हा आली. तोवर ती नोकरी बदलून ग्रुपमधून गेली होती. आम्ही ‘एन्कोडिंग’ शोधलं, ‘इनकोडिंग’ शोधलं, रोमन लिपीतली तीन-चार स्पेलिंगं शोधली, ‘जोडाक्षर’ शोधलं. शेवटी एकाच्या फोनच्या गॅलरीत, गणपती विसर्जनाच्या फोटोंच्या मधोमध, एक स्क्रीनशॉट सापडला. त्यात उत्तराचा पहिला अर्धा भाग होता.

मराठी ग्रुपचं हे दुखणं तुम्हालाही होणारच. एक जण देवनागरीत लिहितो, दुसरा रोमनमध्ये, तिसरा दोन्हींची भेळ करतो. शोधायला गेलं की एकाच प्रश्नाची चार रूपं. आम्ही नंतर एकच नियम केला: प्रश्नाच्या शीर्षकात एरर मेसेज जसाच्या तसा चिकटवायचा, खाली मग हव्या त्या भाषेत रडा. एवढ्या एका नियमाने शोध निम्मा सुधारला. आणि कोडसाठी व्हॉट्सॲप मुळातच बरं नाही. दोन चांदण्यांमध्ये आलेला शब्द ठळक होतो आणि चांदण्या गायब होतात. फोनचा कीबोर्ड सरळ अवतरणचिन्हं वाकडी करतो. मग समोरचा तोच कोड चिकटवून विचारतो, ‘तुमचा कंपायलर एरर का देतोय?’ कोडभोवती बॅकटिक (`) टाकून हे टाळता येतं, पण नवखा माणूस बॅकटिक टाकत नाही, आणि आपली सगळी खटपट नवख्यांसाठीच तर असते.

आता साधनं. शंभर लोकांसाठी मी तुमच्या जागी गिटहब डिस्कशन्स, म्हणजे गिटहबमधलाच फोरम, सुरू करीन आणि सोबत एकच चॅट ठेवीन. कोड तिथेच आहे, वेगळा सर्व्हर लागत नाही, प्रश्नाखालच्या योग्य उत्तरावर खूण करता येते, आणि लॉगिन न करता कुणालाही वाचता येतं, म्हणजे गूगललाही. अडचण एवढीच की लिहायला गिटहबचं खातं लागतं. प्रोग्रॅमिंग भाषा वापरणाऱ्याकडे ते बहुतेक असतंच.

डिस्कोर्सचा मोह होईल, कारण मोठ्यांकडे तेच दिसतं. रस्ट या भाषेचे दोन फोरम त्यावर आहेत, एक वापरणाऱ्यांचा आणि एक भाषा घडवणाऱ्यांचा. पायथनच्या मुख्य डेव्हलपरांनी 2018 मध्ये त्यावर पाय ठेवला आणि 2022 मध्ये त्यांच्या जुन्या मेलिंग लिस्टवरची चर्चाही तिकडेच गेली. साधन उत्तम आहे, मेलवरूनही उत्तर देता येतं. पण स्वतः चालवायचं तर मेल पाठवायची व्यवस्था, बॅकअप, अपग्रेड, स्पॅम हे सगळं कुणाच्या तरी रविवारावर येतं. शिवाय चौदा विभागांच्या फोरमवर तीन पोस्टी असल्या की हजार माणसांचा हॉल घेऊन पंचवीस पाहुणे बोलावल्यासारखं दिसतं. नवा माणूस डोकावतो आणि पाय न ठेवताच परततो. हजारेक लोक होऊ द्या, मग बघू.

चॅट मात्र हवंच, कारण माणसं उत्तरांसाठी येतात आणि ओळखींमुळे टिकतात. इथे माझं मत झुलिपकडे झुकतं. त्यात चॅनेलच्या आत प्रत्येक संभाषणाला विषयाचं नाव असतं, त्यामुळे सोमवारी सुरू झालेली चर्चा गुरुवारी दुसऱ्या देशातला माणूस वाचून पुढे नेऊ शकतो, मध्ये कुणी क्रिकेटचा स्कोअर टाकला तरी. लीन या भाषेची अख्खी कम्युनिटी झुलिपवर नांदते. गणिती लोक एकेका सिद्धतेवर तिथे दिवसेंदिवस वाद घालतात आणि धागा तुटत नाही. रस्टच्या बऱ्याच टीमही त्यावरच काम करतात. 2022 पासून निवडक चॅनेल लॉगिनशिवाय वाचण्यासाठी खुलेही करता येतात, आणि ओपन सोर्स प्रकल्पांना त्यांची होस्टिंगची सेवा फुकट मिळते.

पण तुमची मुलं आधीच डिस्कॉर्डवर असतील तर जबरदस्ती करू नका. डिस्कॉर्ड ठेवा, फक्त दहा ओळींपेक्षा लांब उत्तर द्यायची वेळ आली की ते डिस्कशन्समध्ये लिहायचं आणि चॅटमध्ये त्याची लिंक टाकायची. सुरुवातीला हे तुम्हा पाच जणांनाच करावं लागेल, इतरांना सांगून काही होत नाही. टेलिग्राम, डिस्कॉर्ड, स्लॅक, रेडिट असं सगळंच उघडलंत तर एक ना धड भाराभर चिंध्या. पाच जणांत पाच खोल्या सांभाळल्या जात नाहीत; त्यातल्या तीन ओस पडतात, आणि नेमका नवखा माणूस त्या तिनांतल्याच एखाद्यात प्रश्न विचारून वाट बघत बसतो.

याच्याशीच जोडलेली एक गोष्ट लोक विसरतात: पत्ता स्वतःचा ठेवा. रस्टचे लोक मोझिलाच्या आयआरसीवर, म्हणजे जुन्या पद्धतीच्या मजकुरी चॅटवर, बसायचे. ते मार्च 2020 मध्ये बंद झालं, त्याआधीच त्यांना बिऱ्हाड हलवावं लागलं. मे 2021 मध्ये फ्रीनोड या आयआरसी नेटवर्कच्या स्वयंसेवकांनी मालकीच्या भांडणातून घाऊक राजीनामे दिले, लिबेरा चॅट नावाने नवं नेटवर्क काढलं, आणि शेकडो प्रकल्पांना आपापल्या वेबसाइटींवरचे पत्ते एकेक करून बदलत बसावं लागलं. स्लॅकच्या फुकट योजनेत आधी शेवटचे 10,000 मेसेज दिसायचे, सप्टेंबर 2022 पासून शेवटच्या 90 दिवसांचे. यात कुणाला दोष देण्यात अर्थ नाही, फुकटच्या घराचा करार असाच असतो. तुम्ही एवढंच करा: एक डोमेन घ्या आणि रीडमीमध्ये (प्रकल्पाच्या पहिल्या माहिती-फाइलीत), पोस्टरवर, सगळीकडे ‘तुमचं-डोमेन/चॅट’ एवढंच लिहा. ते कुठे पोचवायचं हे उद्या एका ओळीत बदलता येईल.

निर्णय मात्र चॅटमध्येही सोडू नका आणि फोरमवरही नाही. ‘इंडेंटेशन सक्तीचं का केलं नाही’ हे दोन वर्षांनी कुणी विचारलं तर चारशे पोस्टी वाचायला सांगणार का? पायथनने 2000 सालापासून यासाठी पेप ही पद्धत ठेवली आहे: प्रस्ताव, बाजूचे आणि विरोधी मुद्दे, नाकारलेले पर्याय, सगळं एका कागदावर. 2018 मध्ये पेप 572 वरून, म्हणजे वॉलरस ऑपरेटर (:=) या नव्या चिन्हावरून, इतका वाद झाला की पायथनचे जनक गिदो व्हॅन रॉसम नेतृत्वावरून बाजूला झाले. पण तो ऑपरेटर का आला हे आज समजून घ्यायला त्या भांडणाचे मेल चाळावे लागत नाहीत, पेप वाचला की पुरतं. तुम्हाला इतका थाट नको. रेपोत, म्हणजे गिटहबवरच्या कोडच्या साठ्यात, ‘निर्णय’ नावाचा फोल्डर, प्रत्येक निर्णयाला एक फाइल, अर्धं पान, तारीख आणि नाकारलेला पर्याय. झालं.

डॉक्सबद्दल माझं मत कडक आहे: विकी नको. डॉक्स कोडच्याच रेपोत हवेत, म्हणजे फंक्शनचं नाव बदलणाऱ्या पुल रिक्वेस्टमध्येच (कोडबदलाच्या प्रस्तावात) त्याचं पानही बदलतं आणि दोन्हींवर एकाच वेळी नजर फिरते. विकीवरचं पान बदलायला नेहमीच ‘नंतर’ हा मुहूर्त निघतो. सगळ्यांनी मिळून भरायच्या डॉक्सचा मोठा प्रयोग स्टॅक ओव्हरफ्लोनेही करून पाहिला; 2016 च्या जुलैत सुरू केला आणि 2017 च्या ऑगस्टमध्ये गुंडाळला.

त्याहून महत्त्वाचं, डॉक्समधला प्रत्येक नमुना कोड चालवून बघितला जायला हवा. रस्टमध्ये तीन तिरप्या रेघांच्या कॉमेंटमध्ये लिहिलेलं उदाहरण, कार्गो टेस्ट ही कमांड दिली की, कंपाइल होऊन चालतं. उदाहरण शिळं झालं तर टेस्ट लाल. गो भाषेत उदाहरणाच्या खाली अपेक्षित आउटपुट लिहितात आणि ते ताडून बघितलं जातं. एलिक्सर भाषेतही ही सोय आहे, पायथनमध्ये तर डॉकटेस्ट नावाने ती 2001 पासून आहे. तुमच्या भाषेसाठी तयार काही नसणार, पण मार्कडाउनमधले (साध्या खुणांनी मजकूर सजवायच्या पद्धतीतले) कोडचे ठोकळे काढून आपल्याच इंटरप्रिटरला देणारी स्क्रिप्ट तीस-चाळीस ओळींची होते. बाकी काही केलं नाहीत तरी ही स्क्रिप्ट लिहा. आम्ही पहिल्यांदा चालवली तेव्हा सव्वीस उदाहरणांपैकी नऊ मोडलेली निघाली, आणि त्यातलं एक होतं रीडमीतलं अगदी पहिलं.

साइट बनवायला मार्कडाउनवर चालणारं एमडीबुक सोपं आहे, रस्टचं पुस्तक त्यातच बनतं. एक फाइल उतरवली की काम सुरू. स्फिंक्स 2008 मध्ये मुख्यतः पायथनच्याच डॉक्ससाठी आलं. ते अंगाने जड, पण रीड द डॉक्स या डॉक्सच्या होस्टिंग सेवेवर चढवलं की जुन्या-नव्या आवृत्त्यांची डॉक्स शेजारी शेजारी मिळतात, आणि मायस्ट हे जोडसाधन लावलं की त्यातही मार्कडाउन चालतं. दोन्हींत तुमच्या भाषेचा कोड सुरुवातीला रंगाशिवाय, करडा दिसेल, कारण हायलाइटरला तुमची भाषा ठाऊक नाही. त्यासाठी छोटा लेक्सर, म्हणजे कोडमधले शब्द आणि चिन्हं ओळखणारा तुकडा, लिहावा लागतो. एका सुट्टीचं काम आहे, आणि पान लगेच ‘खरं’ वाटायला लागतं.

राहता राहिला मराठीचा प्रश्न, आणि त्याच्यावरच वरची निवड ठरवा. मराठी करायचं नसेल तर एमडीबुक. मनापासून करायचं असेल तर स्फिंक्स, कारण त्यात भाषांतर परिच्छेदागणिक वेगळ्या पीओ (भाषांतराच्या) फाइलीत राहतं. मूळ इंग्रजी परिच्छेद बदलला की पीओ अद्ययावत करताना त्याच्या मराठीवर संशयाची खूण पडते, आणि पुन्हा तपासेपर्यंत त्या जागी इंग्रजी दिसतं. मराठी वाचकाला अर्धं पान इंग्रजी दिसलं तर तो कुरकुरेल. पण जुनं मराठी वाचून त्याने दोन तास वाया घालवले तर परत येणार नाही. पहिलं फक्त इन्स्टॉल करण्याचं पान आणि पहिला धडा मराठीत करा. ‘व्हेरिएबल’ला ‘चल’ म्हणायचं की नाही यावर आठवडा घालवू नका, व्हेरिएबलच म्हणा. संदर्भाची पानं इंग्रजीतच राहू द्या, एरर मेसेज तिथूनच शोधले जातात.