फुफ्फुसाची चाचणी करून कागद दाखवला तर वडिलांची विडी सुटेल का?

तुमचा प्रश्न असा, की वडील 62 वर्षांचे, निपाणीजवळच्या गावात राहतात, विडी सुटत नाही आणि घरातल्या कुणाचं ऐकत नाहीत. बेळगावला नेऊन फुफ्फुसाची चाचणी केली आणि रिपोर्ट समोर ठेवला, तर घाबरून सोडतील का?

मी बेळगावात एका छातीच्या दवाखान्यात हीच चाचणी करतो. चाचणी जरूर करा, पण घाबरवण्यासाठी म्हणून करू नका. आमच्याकडून घाबरून गेलेल्या माणसाची भीती फार तर संकेश्वरपर्यंत टिकते. तिथं बस थांबली की विडी पेटते.

चाचणीचं नाव स्पायरोमेट्री. नाकाला चिमटा, तोंडात नळी, छाती भरून श्वास घ्यायचा आणि एका दमात जोरात सोडायचा, निदान 6 सेकंद. आम्ही शेजारी उभे राहून ओरडत असतो, ‘‘फुंका मामा, फुंका, थांबू नका!’’ पुढचा पेशंट कन्नड असला की तेच ‘‘ऊद्री, ऊद्री!’’ जुना विडीवाला बहुतेक दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला खोकतो, मग परत पहिल्यापासून. चांगल्या तीन फुंकी मिळेपर्यंत सोडत नाही. त्यातून मुख्य दोन आकडे निघतात: पहिल्या सेकंदात किती लिटर हवा बाहेर आली आणि एकूण किती आली. औषधाचा पफ देऊन थोड्या वेळानं परत फुंकायला लावतात. तरीही पहिल्याला दुसऱ्यानं भागून 0.70 पेक्षा कमी आलं, तर श्वासनळ्या कायमच्या आक्रसल्याची शंका, म्हणजे सीओपीडी.

आता खरी गोष्ट. ‘‘पहिल्या सेकंदाला 1.7 लिटर’’ असं सांगितलं की मामा ‘‘बरं’’ म्हणतात, कागदाची घडी घालतात आणि सदऱ्याच्या खिशात विडीच्या बंडलाशेजारी ठेवतात. रिपोर्ट सांगणं डॉक्टरांचं काम, पण जिन्यात गाठून विचारतात मलाच. ‘‘म्हणजे तुमच्या उंचीच्या अमुक वयाच्या माणसाइतकी हवा निघते’’ असं सांगितलं, की मात्र घडी परत उलगडली जाते.

यावर अभ्यासही झालाय. इंग्लंडमधल्या हर्टफर्डशरमध्ये 35 वर्षांवरच्या 561 धूम्रपान करणाऱ्यांची ही चाचणी केली. निम्म्यांना नुसता लिटरचा आकडा दिला, निम्म्यांना ‘फुफ्फुसाचं वय’ सांगितलं. सोडायचा सल्ला दोघांनाही. वर्षभरानं तपासून पाहिलं तर पहिल्या गटातले 6.4 टक्के सुटले होते, दुसऱ्यातले 13.6 टक्के. हे 2008 मध्ये बीएमजे या ब्रिटिश वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. मला त्यातली एक बाजूची ओळ जास्त महत्त्वाची वाटते: ज्यांचं फुफ्फुस जास्त म्हातारं निघालं तेच जास्त सुटले, असं नाही. चांगला रिपोर्ट आलेलेही तेवढ्याच प्रमाणात सुटले. म्हणजे काम भीतीनं केलं नाही, समजेल असं सांगण्यानं केलं. पुढच्या वर्षी नेदरलँड्समधल्या एका अभ्यासात बिघडलेला रिपोर्ट समोर ठेवून समुपदेशन केलं, तर रिपोर्ट न दाखवलेल्यांपेक्षा फरक पडला नाही. तेव्हा हा रामबाण नाही, 13.6 टक्के म्हणजे शंभरातले 86 ओढतच राहिले.

एक खबरदारी. हे वय काढायचं गणित परदेशी माणसांच्या मापावर बेतलेलं आहे. आपल्या लोकांची फुफ्फुसं त्या मानानं लहान असतात, त्यामुळे मशीन भारतीय मापांवर लावलेलं नसेल तर वय उगाच फुगून येतं. आधी विचारून घ्या.

आणि रिपोर्ट नॉर्मल आला तर? याची तयारी कुणीच करून येत नाही. वडील गावभर सांगतील, ‘‘बघा, डॉक्टरानंच लिहून दिलंय!’’ बारीक नळ्यांचं नुकसान या चाचणीत उशिरा दिसतं, आणि हृदयाचा आजार किंवा तोंडाचा कॅन्सर तर तिला दिसतच नाही. त्यामुळे नॉर्मल आला तर लगेच म्हणा, ‘‘बाबा, वाचवण्यासारखं अजून बरंच आहे.’’ खराब आला आणि ‘‘आता सोडून काय उपयोग’’ म्हणाले, तर त्यालाही उत्तर आहे. अमेरिका-कॅनडातल्या लंग हेल्थ स्टडीत ओढत राहिलेल्या पुरुषांची पहिल्या सेकंदातली हवा वर्षाला साधारण 66 मिलीलिटरनं घटत गेली, सोडलेल्यांची 30 नं. गेलेलं परत येत नाही, पण गळती निम्म्यावर येते.

निपाणी भागातल्या माणसासमोर तंबाखूला शिव्या मात्र देऊ नका. तिथली घरं, पोरांची शिक्षणं, लग्नं तंबाखूवर आणि वखारीतल्या मजुरीवर झाली. 1981 मध्ये शेतकरी नेते शरद जोशींबरोबर तंबाखूच्या भावासाठी हमरस्त्यावर बसलेले शेतकरी तिथलेच, तुमचे वडील तेव्हा ऐन विशीच्या आत असतील. ‘तंबाखू वाईट’ म्हटलं की बोलणं तिथंच संपतं. दमाबद्दल बोला: माडीचा जिना, उसाचा भारा, जत्रेतला चढ. ‘‘विडी सिगारेटपेक्षा बरी, पानाचीच तर असते’’ हेही ऐकायला मिळेल. तसं नाही. विडी विझू नये म्हणून वरचेवर आणि जोरात ओढावी लागते, धूर तेवढाच आत जातो.

चाचणीच्या त्याच दिवशी सोडायची मदतही ठरवून टाका, हे माझ्या मते चाचणीपेक्षा मोठं. विडीची तलफ भागवणारं निकोटिनचं 2 मिलिग्रॅमचं गम (च्युइंगमसारखं) औषधाच्या दुकानात चिठ्ठीशिवाय मिळतं. जास्त ओढणाऱ्याला 4 चं लागतं, ते डॉक्टर लिहून देतात. ते चघळत बसायचं नाही, दोन-चारदा चावून तंबाखूचा बार धरतात तसं गालात धरायचं. हे आपल्याकडच्या माणसाला शिकवावं लागत नाही! फक्त विडी सोडून चुना-तंबाखूवर जात नाहीत ना, एवढं बघा. तंबाखू सोडायला फोनवर मदत करणाऱ्या सरकारी क्विटलाइनचा फुकट नंबर 1800-11-2356.

जाताना: चाचणीआधी निदान तासभर विडी नको, पोट गच्च भरलेलं नको, चालू औषधांची चिठ्ठी बरोबर असू दे. नुकताच हार्ट अटॅक किंवा डोळ्याचं ऑपरेशन झालं असेल, थुंकीतून रक्त पडत असेल, तर फुंकायच्या आधी सांगा. आणि यायलाच तयार नसले तर ओढून आणू नका. गम सुरू करायला रिपोर्ट लागत नाही.