लिलावात डच बालकाचं जुनं चित्र आलंय, चित्रकार नक्की नाही. घ्यावं का?

चित्र आवडलं असेल तर घ्या, पण निनावी चित्राच्या भावाने. नावाचे पैसे मोजू नका.

तुम्ही लिहिलंय की आइंडहोवनला राहता, ऑनलाइन लिलावात ओकच्या फळीवर रंगवलेलं, हातात पक्षी घेतलेल्या छोट्या मुलीचं चित्र आलंय, वर्णन 'अट्रिब्युटेड टू याकोब खेरित्स कॉइप, सुमारे १६४०' असं आहे आणि पुढेमागे ते पुण्याला न्यायचंय.

लिलावाच्या कॅटलॉगमध्ये प्रत्येक शब्द मोजूनमापून घातलेला असतो. नुसतं नाव छापलं असेल तर ते त्या चित्रकाराचंच आहे असं लिलावगृह म्हणतंय. 'अट्रिब्युटेड टू' म्हणजे बहुधा त्याचं, पण आमच्या गळ्यात घालू नका. 'सर्कल ऑफ' म्हणजे काळ जुळतो, हात दुसऱ्याचा. 'मॅनर ऑफ' तर कितीही नंतरचं असू शकतं. 'साइन्ड'ऐवजी 'बेअर्स सिग्नेचर' दिसलं तर सही मागाहून कुणीतरी घातली असावी असं त्यांनाच वाटतंय.

कॉइपचंच नाव का, तेही सांगतो. हा डॉर्ड्रेख्तचा, जन्म १५९४चा, प्रसिद्ध निसर्गचित्रकार आल्बर्ट कॉइपचा बाप आणि मुलांच्या चित्रांसाठी नावाजलेला. त्यामुळे सतराव्या शतकातलं गोंडस पोर दिसलं की विकणाऱ्याला आधी तोच आठवतो. पण तेव्हा गावोगावी असे चित्रकार होते: होर्नला रोटियस, एन्कहाउझेनला यान क्लास, लेवार्डनला वीब्रांड दे खेस्ट. शिवाय कितीतरी चित्रांवर सहीच नाही.

आणि एका चित्राला एकच हात असतो हेही गृहीत धरू नका. डच चित्रकार फ्रान्स हाल्सने १६२०च्या दशकाच्या सुरुवातीला हार्लेमच्या फान काम्पेन कुटुंबाचं मोठं चित्र रंगवलं. पुढे त्या घरात आणखी एक मुलगी जन्मली. तिला चित्रात बसवलं ते दुसऱ्याच चित्रकाराने, सालोमोन दे ब्रायने, आणि सही केली तिच्या बुटावर, १६२८ साल घालून. नंतर कुणीतरी ते अख्खं चित्रच कापलं. मोठा तुकडा आज अमेरिकेत टोलेडोच्या संग्रहालयात आहे, बोकडगाडीजवळची तीन मुलं ब्रसेल्सला, आणि एका मुलाचं डोकं खासगी संग्रहात. म्हणजे सुटं वाटणारं बालकाचं चित्र मुळात सुटं असेलच असं नाही. यासाठी फळीची मागची बाजू बघा. जुन्या फळीच्या कडा मागून बहुतेकदा उतरत्या तासलेल्या असतात. तीन बाजूंना उतार आणि चौथी कड सरळ असेल तर तिथे करवत फिरली असण्याची दाट शक्यता. म्हणून मागच्या बाजूचा फोटो मागवाच. द्यायला का-कू केली तर तिथेच थांबा.

दुसरं म्हणजे अल्ट्राव्हायोलेट दिव्याखालचा फोटो. जुनं वॉर्निश हिरवट चमकतं, नंतरचे रंगाचे हात गडद डागांसारखे दिसतात. मुलांच्या चित्रांत गाल आणि ओठ आधी तपासायचे, कारण गोडवा तिथेच वाढवता येतो आणि गोडवाच विकला जातो. चेहरा अर्धाअधिक काळा दिसला तर तो कॉइपचाही नाही आणि रोटियसचाही नाही, रिस्टोररचा, म्हणजे चित्र दुरुस्त करणाऱ्याचा आहे.

लाकडाच्या वर्तुळांवरून काढलेल्या तारखेचा अहवाल दाखवतील. झाड कधीच्या आधी तोडलेलं नसणार, एवढंच त्यातून कळतं. चित्र कुणी रंगवलं याबद्दल लाकूड काही बोलत नाही. हेगच्या आरकेडी या कलेतिहासाच्या संस्थेचा चित्रसंग्रह ऑनलाइन फुकट बघता येतो. हे चित्र तिथे आहे का आणि कुणाच्या नावावर, ते शोधा. १९३३ ते १९४५ या काळात चित्र कुणाकडे होतं हेही विचारा. नाझींनी ज्यू मालकांकडून तेव्हा लुबाडलेल्या चित्रांचा प्रश्न अजून मिटलेला नाही. २००६मध्ये डच सरकारने गौडस्टिकर या ज्यू चित्रविक्रेत्याच्या वारसांना २०२ चित्रं परत दिली.

जाता जाता: तुम्ही मुलगी म्हणताय, पण तो मुलगाही असेल. तेव्हा सहा-सात वर्षांपर्यंत मुलांनाही झगेच घालत. वरच्या कोपऱ्यात 'एटाटिस' असं काही लिहिलंय का ते मोठं करून बघा, पुढे वय असतं.

२०२४च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेत मेन राज्यातल्या एका माळ्यावर सापडलेलं मुलीचं चित्र 'आफ्टर रेम्ब्रांट', म्हणजे रेम्ब्रांटच्या चित्राची नक्कल, म्हणून लिलावात आलं, अंदाज होता १० ते १५ हजार डॉलर, गेलं १४ लाख डॉलरना. ती बातमी वाचून हुरळू नका. त्या भावाला बोली लावणारे पूर्ण तयारीने आलेले असतात, आपण फोनवर.

पुण्याचं म्हणाल तर दोन अडचणी. भारताच्या १९७२च्या पुरावस्तू कायद्यात शंभर वर्षांहून जुनं चित्र पुरावस्तू ठरतं, आणि पुरावस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. आणलंत की विकायचं ते भारतातच, असं धरून चाला. दुसरी अडचण पावसाळ्याची. ओकची फळी दमटपणात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते आणि रंगाचे पोपडे सुटतात. कॅनव्हास असता तर एवढा आग्रह धरला नसता, पण फळी आहे म्हणून सांगतो, तुम्ही आइंडहोवनला आहात तोवर ती तिथेच राहू द्या. आणि बोलीची मर्यादा ठरवताना लिलावगृहाचं कमिशन आधीच वजा करा, ते २५ टक्क्यांच्या आसपासही जातं.