दगडावरचं नेचं आणि जर्मनीतला खड्डा

प्रश्न: उन्हाळ्यात लेकीकडं जर्मनीला गेलेलो, जावईबापूंनी फ्रँकफर्टजवळची मेसेल नावाची बंद खाण दाखवली. वरनं बघायचं, खाली नुसता झाडोरा भरलेला खड्डा, आणि म्हणे युनेस्कोची! असले खड्डे आमच्याकडं खडी क्रशरवाल्यांनी ढिगानं पाडलेत. त्यातल्याच एका खाणीच्या डबरात दगडावर नेच्याचं पान उमटलेलं सापडलंय, फोटो पाठवतोय. जीवाश्म आहे का?
— एक वाचक, कोरेगाव, जि. सातारा

उत्तर: काका, ते पान नाही हो. फोटो मोठा करून बघितला, काळ्या फांद्या भेगेच्या कडेपासून आत पसरत गेल्यात आणि शिरा कुठंच नाहीत. भेगेत पाणी झिरपतं, त्यातलं मँगनीज असं नक्षीसारखं बसतं, डेंड्राईट म्हणतात त्याला, भलेभले फसतात. तसंही आपला काळा दगड म्हणजे साधारण 6 कोटी 60 लाख वर्षांपूर्वीचा लाव्हा, त्या उकळत्या रसात पान कुठलं टिकायला! लाव्हाच्या दोन थरांच्या मधे जिथं तळ्याचा गाळ साचला तिथली गोष्ट वेगळी, मध्य प्रदेशात घुघुआला ताडाची दगड झालेली खोडं आहेत ती तशीच.

मेसेल पण तळंच होतं, 4 कोटी 80 लाख वर्षांपूर्वीचं, तळाला ऑक्सिजन जवळपास नाही म्हणून मेलेलं कुजलंच नाही. कोल्ह्याएवढे घोडे मिळालेत, भुंग्यांच्या पाठीवरची चमकसुद्धा टिकलीय. त्या तळ्याच्या गाळाचा पुढं तेलकट दगड झाला, तेल काढायला तो खणला म्हणून तर हे उजेडात आलं, नाहीतर कुणाला कळलं असतं? खाण बंद झाल्यावर तिथं कचरा डेपो करायचं चाललेलं (ओळखीचं वाटतंय ना?), लोक कित्येक वर्षं भांडले तेव्हा थांबलं, आणि 1995 ला युनेस्कोच्या यादीत गेलं. त्या झाडोऱ्यात अजून खोदकाम चालतं, जीवाश्म असलेली दगडाची पाटी ओलीच ठेवावी लागते, वाळली की पापडासारखी फुटते.

आता तुमच्या फोटोत मागं तो पोकळ दगड पडलाय ना, मला त्यातच जास्त इंटरेस्ट आहे. लाव्हातल्या वायूच्या बुडबुड्याची ती पोकळी, आत पांढरट गुलाबी स्फटिक, मधे आवळलेल्या पेंढीसारखे, म्हणजे बहुतेक स्टिल्बाईट नावाचं खनिज. पुण्याजवळ वाघोलीच्या खाणीत अशाच पोकळ्यांमधे कॅव्हन्साईट नावाचं निळं खनिज मिळालं, जगभरचे संग्राहक त्याच्यासाठी जीव टाकतात. तुमचा दगड क्रशरला जाऊ देऊ नका, साध्या पाण्यानं मऊ ब्रशनं धुवा. चकाकी यावी म्हणून टॉयलेट क्लीनर मात्र ओतू नका, ॲसिडनं स्फटिक कायमचे खराब होतात.