मेंढीकोटावरून ब्रिजकडे वळताय? मग आधी हे

सांगलीत मेंढीकोट खेळून हात बसलेला असेल, तर अर्धं काम झालंय. फक्त दहाची ओढ सोडा, ब्रिजमध्ये त्याला गुण नाहीत. एक्का 4, राजा 3, राणी 2, गुलाम 1, एवढंच मोजा. साधारण 12 गुणांना बोली उघडा, म्हणजे पहिली बोली तुम्ही लावा. तुमचे आणि भिडूचे मिळून 25 च्या आसपास वाटले तर गेमपर्यंत (जिथे मोठा बोनस मिळतो त्या बोलीपर्यंत) जा. भिडूनं उघडलं आणि तुमच्याकडे 6 गुण आहेत? पास नको, काहीतरी बोला. इथेच नवखे सर्वांत जास्त गप्प बसतात. स्टेमन, ट्रान्सफर या ठरावीक सांकेतिक बोल्या सध्या राहू द्या.

खेळताना मात्र घाई नडते. डमी (भिडूची टेबलावर मांडलेली पानं) उघडली की पहिलं पान टाकण्याआधी थांबा आणि:

- डाव बिनहुकमी असेल तर पक्के हात मोजा, हुकमी असेल तर जाणारे.
- आखूड बाजूचं (जिथे त्या रंगाची पानं कमी, तिथलं) मोठं पान आधी खेळा. तुमच्याकडे राजा-तिरी, डमीत एक्का-राणी-सत्ती-पंजी असेल आणि एक्का आधी काढलात, तर पुढचा हात राजावर येऊन तुम्ही इकडेच अडकता. डमीत जायला दुसरी वाट नसेल, तर राणी गेलीच.
- तुमचे आणि डमीचे मिळून 8 हुकूम असतील तर विरोधकांकडे 5. ते बहुधा 3-2 असतात. ते पाच मोजत काढा, संपले की थांबा. डमीत कापायचं असेल तर हुकूम काढण्याआधी ते कापणं उरका.

बचावात दुसऱ्याने लहान, तिसऱ्याने मोठं. याला अपवाद आहेत, पण पहिले दोन महिने नाहीत असंच समजा.