जिवाणूंच्या वाढीचे गणित : वाचकांची प्रश्नोत्तरे

प्रश्न : फ्लास्कमधील ई. कोलाय या जिवाणूच्या वाढीचा दर काढताना आलेखावरील कोणते बिंदू घ्यावेत?

उत्तर : संवर्धनाच्या (जिवाणू वाढवलेल्या द्रवाच्या) गढूळपणाच्या मोजमापाचा नैसर्गिक लघुगणक काळासमोर मांडावा आणि बिंदू जेथे सरळ रेषेत येतात तेवढेच घ्यावेत. त्या रेषेचा उतार हा वाढीचा दर असून ०.६९३ ला (२ च्या नैसर्गिक लघुगणकाला) त्याने भागले की द्विगुणनाचा काळ मिळतो. संवर्धन दाट झाल्यावर गढूळपणा पेशींच्या प्रमाणात वाढत नाही, म्हणून नमुना विरळ करूनच मोजावा.

प्रश्न : वाढीचे वर्णन करायला लॉजिस्टिक समीकरण घ्यावे की फ्रेंच जीवशास्त्रज्ञ मोनो यांचे?

उत्तर : लॉजिस्टिक समीकरण वाढ मंदावते एवढेच दाखवते. मोनो यांचे समीकरण वाढीचा दर माध्यमात उरलेल्या ग्लुकोजशी जोडते, त्यामुळे कारण तपासायचे असेल तर तेच घ्यावे.

प्रश्न : गुणसूत्राची प्रत तयार व्हायला ४० मिनिटे लागतात, तर ई. कोलाय २० मिनिटांत दुप्पट कसा होतो?

उत्तर : हा प्रश्न मला फार मोलाचा वाटतो, कारण त्यातील विसंगती खरी आहे आणि ती कूपर व हेल्मस्टेटर यांनी १९६८ मध्ये सोडवली. प्रत पूर्ण झाल्यावरही विभाजनाला सुमारे २० मिनिटे लागतात, म्हणजे आरंभापासून विभाजनापर्यंत साधारण ६० मिनिटे जातात. परंतु समृद्ध माध्यमात पहिली प्रत पूर्ण होण्याआधीच दुसरीचा आरंभ होतो. २० मिनिटांच्या हिशेबाने आत्ता विभागणाऱ्या पेशीच्या गुणसूत्राची प्रत तिच्या आजीच्या जन्माच्या वेळीच सुरू झालेली असते. जलद वाढणाऱ्या पेशी आकाराने मोठ्या असतात, हे कोपनहेगनमध्ये १९५८ सालीच साल्मोनेला या जिवाणूवर दिसले होते. त्याचा उलगडाही याच हिशेबातून होतो.

प्रश्न : जन्मतःच मोठी असलेली पेशी पिढ्यान्‌पिढ्या मोठीच का राहत नाही?

उत्तर : सूक्ष्म खाचांमध्ये एकेका पेशीचा पिढ्यान्‌पिढ्या माग घेतल्यावर असे आढळले, की जन्मावेळची लांबी कितीही असो, प्रत्येक पेशी विभाजनापूर्वी सरासरी ठरावीक लांबीचीच भर घालते. ही भर २ मायक्रोमीटर धरली, तर ३ मायक्रोमीटरची पेशी ५ वर विभागते आणि तिच्या मुली २.५ च्या होतात. त्यांच्या मुली २.२५ च्या. २ च्या वरची जास्तीची लांबी दर पिढीला निम्मी होत जाते. ही भर पेशी नेमकी कशी मोजते, विभाजनाच्या प्रथिनांच्या साठ्यावरून की प्रतीच्या आरंभावरून, हा वाद मात्र अजून मिटलेला नाही.