कॉलेजचा फीडबॅक फॉर्म मोबाईलवर भरताना खरं लिहिलं तर सरांना कळतं का?

परभणीकडच्या कॉलेजात बी.एस्सी.ला आहात, शिक्षकांच्या फीडबॅकची लिंक ग्रुपवर आली आहे आणि मोबाईलवरूनच भरायची आहे. खरं लिहिलं तर सरांना कळेल का आणि भरून काही होतं का, हा तुमचा प्रश्न. मी मराठवाड्यातल्याच एका तालुक्याच्या कॉलेजात शिकवतो. आयक्यूएसीच्या (कॉलेजच्या गुणवत्तेकडे बघणाऱ्या समितीच्या) कामात आलेले फॉर्म उघडून बघणं माझ्याकडे असतं, म्हणून आमच्या बाजूने काय दिसतं ते सांगतो.

बहुतेक ठिकाणी गुगल फॉर्म असतो. लिंक उघडली की वरच तुमच्या खात्याचा ईमेल दिसतो. तिथे तो शेअर होत नसल्याचं लिहिलेलं असेल तर आम्हाला तो दिसत नाही. लॉगिन एकाने एकदाच भरावं म्हणून मागितलेलं असतं. उत्तरासोबत ईमेल नोंदवला जाईल असं लिहिलं असेल, किंवा फॉर्मातच रोल नंबर विचारला असेल, तर मात्र सगळं शीटमध्ये तुमच्या नावासमोर येतं. वर्गात पाच-सहाच पोरं असतील तर नावाचीही गरज नाही, भाषेवरून ओळखू येतं. भरल्याचा स्क्रीनशॉट मागितला तर नोंद झाल्याच्या पानाचा टाका, उत्तरांचा नको.

आपल्याकडे खरी भानगड फोनची. पुष्कळ पोरींकडे फोन भावाचा किंवा वडिलांचा, खातंही त्यांचंच. मग दोघी बहिणी एकाच कॉलेजात असल्या की दुसरीला ‘तुम्ही आधीच उत्तर दिलं आहे’ असं येतं. वरून खातं बदललं की काम होतं. एसटीत बसून भरू नका, मध्येच रेंज गेली की सबमिट होत नाही.

आणि फोन आडवा धरा. डावीकडे प्रश्न आणि वर ‘उत्कृष्ट’पासून ‘असमाधानकारक’पर्यंत रकाने असा तक्ता असेल तर उभ्या फोनवर उजवीकडचे रकाने दिसतच नाहीत. पोरं दिसेल ते दाबत खाली जातात. शीट उघडली की आमच्यासमोर नुसती ‘उत्कृष्ट’ची रांग!

नॅकचं, म्हणजे कॉलेजांचं मूल्यांकन करणाऱ्या संस्थेचं, विद्यार्थी समाधान सर्वेक्षण वेगळं. त्याची लिंक नॅककडून थेट तुमच्या ईमेलवर येते. 21 प्रश्न, त्यातले 20 पर्यायांचे. पहिलाच प्रश्न वर्गात किती अभ्यासक्रम शिकवला हा. पण ॲडमिशनचा फॉर्म ऑनलाईन सेंटरवर भरला असेल आणि तिथल्या माणसाने स्वतःचाच ईमेल टाकला असेल तर ती लिंक त्याच्याकडे जाणार. ऑफिसात जाऊन एकदा बघून घ्या.

उपयोगाचं म्हणाल तर माझ्या मते शेवटची लिहायची चौकट तेवढी कामाची. इंग्रजी कशाला, कीबोर्डवरचा माईक दाबून मराठीत बोला. ‘सर छान शिकवतात’ याचं आम्ही काय करणार? ‘प्रॅक्टिकलला चौघांत एक मायक्रोस्कोप येतो’ असं लिहा. फीडबॅकवर काय केलं हे कॉलेजला नॅकला दाखवावं लागतं, आणि तिथे दाखवायला असलंच काहीतरी हवं असतं.

सीएचबीवरच्या, म्हणजे तासाप्रमाणे मानधनावर नेमलेल्या सरांबद्दल मात्र जरा जपून. त्यांची नेमणूक कित्येकदा सत्र सुरू झाल्यावर होते, अभ्यासक्रम मागे पडतो, आणि कमी गुण त्यांच्या नावावर चढतात. पुढच्या वर्षी परत मुलाखत त्यांनाच द्यायची असते. असं झालं असेल तर चौकटीत सरळ लिहा, की सर अमुक महिन्यात आले, तोवर तास रिकामे गेले, आल्यावर त्यांनी नीट शिकवलं. हे प्राचार्यांसमोर ठेवता येतं, आणि मग सर सोडून नेमणुकीला उशीर का झाला यावर बोलणं होतं.